कोऱ्या नळीच्या आत

१८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती जी नवी बंदूक दिली, ती दिसायला आधीच्या एन्फील्डसारखीच होती. तेवढीच लांब नळी, नळीला लाकडाशी जखडणाऱ्या त्याच तीन कड्या, तोच दस्ता, तोच घोडा. दहा पावलांवरून पाहणाऱ्याला दोहोंत फरक दिसला नसता. तो दिसायचा तर नळीच्या तोंडाशी डोळा न्यावा लागे. १८५३च्या नमुन्याच्या एन्फील्डच्या नळीत आतून तीन उथळ चर कोरलेले असत. हे चर सरळ नसून मंद पीळ घेत जात; अठ्ठ्याहत्तर इंचांत एक पूर्ण वेढा, असे त्यांचे प्रमाण होते. नळीच एकोणचाळीस इंचांची, त्यामुळे गोळीला बाहेर पडेपर्यंत जेमतेम अर्धा वेढा मिळे. पण तेवढ्या अर्ध्या गिरकीवर ती पाच-सहाशे यार्डांपर्यंत नेमाने जाई. १८५८-५९च्या नमुन्याच्या, खास हिंदुस्थानातील शिपायांसाठी काढलेल्या बंदुकीत हे चर नव्हते. पॉइंट ५७७ इंचांचे भोक पोखरून पॉइंट ६५६चे केले होते आणि आतला पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत ठेवला होता. दूरच्या अंतरासाठी वरखाली होणारी मागची दर्शिकाही काढून टाकली होती. जी बंदूक लांबवर नेम साधूच शकत नाही, तिला अंतराच्या खुणा हव्यात कशाला?

ही नळी झिजलेली नव्हती. ती कोरी करकरीत होती. झीज होऊन वीस-पंचवीस वर्षांनी जे तिचे झाले असते, त्याहून अधिक काही तिच्या बाबतीत कारखान्यातच, हुकमाने, करून टाकले होते. बंदुकांच्या इतिहासात ही गोष्ट बहुधा एका ओळीत उरकली जाते. आम्हाला मात्र असे वाटते, की एकोणिसाव्या शतकात अचूकता या वस्तूचे काय झाले, ती कोणी घडवली, कोणी मोजली आणि कोणाला ती नाकारली गेली, हे पाहायचे तर दस्त्यावरचे शिक्के वाचण्यापेक्षा कोऱ्या नळीच्या आत डोकावणे अधिक उपयोगाचे ठरेल.

आपल्या भाषेचीही या बाबतीत थोडी गंमत आहे. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, ठासणीची बंदूक: मराठीने बंदुकीला दिलेली ही जुनी विशेषणे दारू पेटवण्याच्या किंवा भरण्याच्या तऱ्हेवरून आलेली आहेत. नळीच्या आत काय आहे, यावरून एकही नाव पडले नाही. ‘रायफल’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला तेव्हा त्याचा मूळ अर्थ आतल्या पिळदार चरांशी निगडित आहे, हे घेताना कोणाच्या ध्यानात राहिले नसावे. स्क्रूच्या पेचांना आपण आटे म्हणतो. नळीतल्या चरांनाही तो शब्द शोभला असता. असो.

चरांची युक्ती तशी जुनी. मध्य युरोपातले शिकारी सोळाव्या शतकापासून अशा नळ्या वापरत आले होते. पण त्या का चालतात याचे नीट उत्तर अठराव्या शतकापर्यंत कोणापाशी नव्हते. ते दिले बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली त्याने तोफविद्येच्या नव्या तत्त्वांवर ग्रंथ लिहिला आणि पुढे रॉयल सोसायटीपुढे आपले प्रयोग मांडले. त्यांतला एक प्रयोग विलक्षण आहे. गुळगुळीत नळीतून सुटणारी वाटोळी गोळी नळीच्या भिंतीला घासून भलतीच गिरकी घेते, आणि त्या गिरकीमुळे हवेत वाट सोडते, असे त्याचे म्हणणे होते. ते दाखवण्यासाठी त्याने एका बंदुकीची नळी पुढच्या टोकाशी मुद्दाम डावीकडे वाकवली आणि मार्गात पातळ कागदांचे पडदे लावून बार काढला. पहिल्या पडद्यांवर गोळीची भोके अपेक्षेप्रमाणे डावीकडे पडली. पुढे मात्र ती वळून उजवीकडे गेली. वाकड्या नळीने गोळीला दिलेली दिशा एक आणि नळीच्या भिंतीने दिलेली गिरकी दुसरीच. लांबच्या अंतरावर दुसरीचा जय झाला. गोळीला गिरकी मिळणारच असेल, तर ती आपल्याला हवी तीच मिळावी, म्हणजे प्रवासाच्या दिशेभोवती मिळावी, ही चरांच्या मागची सारी गोम. चरांच्या नळीचे मर्म जे राष्ट्र प्रथम ओळखेल आणि अशा बंदुका सैन्यात रूढ करील, ते इतरांवर मात करील, असे भाकीतही रॉबिन्सने करून ठेवले. पुढे कंपनी सरकारने त्याला किल्ल्यांच्या बांधकामासाठी हिंदुस्थानात पाठवले. १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तो तापाने वारला.

भाकीत खरे व्हायला शंभर वर्षे लागली, आणि अडचण होती ती दारूची. काळी दारू जळाली म्हणजे तिचे अर्ध्याहून अधिक वजन घन अवशेषाच्या रूपाने उरते. त्यातले काही धुरात जाते, बाकीचे किटण होऊन नळीत बसते. गुळगुळीत नळीत सैल गोळी टाकणाऱ्याला याचे फारसे काही वाटत नाही. चरांची नळी म्हणजे मात्र गोळी घट्टच हवी. आणि दहा-पंधरा बार झाले, की किटणाने भरलेल्या चरांतून ती गजाने खाली ठोकणे कठीण होऊन बसे. फ्रेंच कॅप्टन मिनिएने १८४०च्या दशकाच्या अखेरीस यावर तोड काढली: गोळी भोकापेक्षा किंचित बारीक करायची, तिचे बूड पोकळ ठेवायचे, म्हणजे बार होताच ते फुगून चरांत बसेल. एन्फील्डची गोळी या तत्त्वावरची होती. तरीही किटण मऊ राहावे म्हणून गोळीच्या बाजूने काडतुसाच्या कागदाला वंगण लावावेच लागे.

हेच ते काडतूस. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून शाळेच्या पाठ्यपुस्तकापर्यंत काडतुसांची हकिगत आपण वाचत आलो आहोत. ती धर्म बुडवण्याच्या संशयाची हकिगत आहे हे खरेच; १८५७च्या जानेवारीत डमडमच्या चांदमारीवर ती कुजबुज सुरू झाली, तेव्हा शिपायांच्या लेखी तिचा दुसरा अर्थ नव्हता. पण ती चरबी मुळात तिथे का होती, हे आपले इतिहासकार सहसा सांगत नाहीत. ती नळीतल्या तीन चरांसाठी होती. गुळगुळीत नळीला तिची एवढी निकड नव्हती. वंगण म्हणून मेणावर भागवता येते हे इंग्रजांना पुढे पटले, आणि हिंदुस्थानच्या उन्हात किटण दगडासारखे होते हा अनुभव आल्यावर गोळीचा व्यासही त्यांनी कमी केला. उठाव मोडल्यावर शिपायाच्या नळीतले चरच काढून टाकण्यात आले, तेव्हा त्या बरोबर चरबीचा प्रश्नही मिटला, असे कोणी म्हणेल. तो मिटवण्याचा हेतू मात्र दिसत नाही. हेतू उघड होता: यापुढे हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींहून एक पिढी मागचे हत्यार राहील.

आता नळी चांगली की वाईट, हे त्या काळी कसे ठरत असे, याकडे वळू. इंग्लंडात नळीची सरकारमान्य परीक्षा फार जुनी. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ साली सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३च्या कायद्याने उभे राहिले. पण या परीक्षेत नेहमीपेक्षा अधिक दारू ठासून बार काढीत आणि नळी फुटली नाही तर तिच्यावर शिक्का मारीत. शिक्क्याचा अर्थ एवढाच, की ही नळी तुमच्या तोंडावर फुटणार नाही. ती नेमाने गोळी टाकील, असे शिक्का कधीच म्हणत नव्हता. विकत घेणारे मात्र तसे समजत, आणि विकणारे तो समज मोडण्याची घाई करीत नसत.

नळी सरळ आहे की नाही, हे पाहणारा कारागीर वेगळा, आणि त्याची रीत आम्हाला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोहक वाटते. तो नळी घेऊन उजेडाच्या खिडकीकडे तोंड करून बसे. खिडकीच्या काचेवर एक आडवी रेघ किंवा पट्टी असे. नळी डोळ्याशी धरली, की त्या रेघेची सावली आतल्या चकचकीत भिंतीवर लांब पसरलेली दिसे. नळी बोटांत हळूहळू फिरवायची. सावलीच्या दोन्ही कडा शेवटपर्यंत सरळ राहिल्या तर नळी सरळ. कुठे कड फुगली, तुटली वा वाकली, तर त्या जागी नळीत बाक. मग ऐरणीवर ठेवून नेमका एक ठोका, पुन्हा खिडकी, पुन्हा सावली. हे काम करणाऱ्याची नजर तयार व्हायला वर्षे लागत आणि ती नजर दुसऱ्याला शब्दांत सांगता येत नसे. एक इंचाच्या हजारांश भागांचा बाक केवळ सावलीवरून ओळखणारे लोक लिहिता-वाचता येणाऱ्यांतले असतच असे नाही. कारखानदारांना अर्थातच हे फार दिवस परवडणारे नव्हते. ज्याची नजर, त्याचीच मक्तेदारी. आणि संप झाला तर नळ्या जागच्या जागी.

१८५४ साली सरकारने एन्फील्ड यंत्रांनी कशी घडवता येईल, हे पाहण्यासाठी मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थला विचारले. व्हिटवर्थ बंदूककार नव्हता. तो यंत्रे करणारा होता, आणि मोजमाप हे त्याचे वेड होते. एका इंचाचा दशलक्षांश भाग ओळखणारे यंत्र त्याने केले होते. त्याने उत्तर दिले ते असे, की नळी नेमकी कशी असावी हेच कोणाला ठाऊक नाही, तर ती यंत्राने घडवायची कशी? मग रशोम येथे आपल्या घराच्या आवारात पाचशे यार्ड लांबीची झाकलेली गॅलरी बांधून घेऊन त्याने प्रयोग मांडले. वाऱ्याचा त्रास नको म्हणून भिंती आणि छप्पर; गोळीची वाट कळावी म्हणून ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे. रॉबिन्सची युक्तीच ही, शंभर वर्षांनी मोठ्या खर्चात केलेली. त्यातून जी रायफल निघाली तिची नळी आतून षट्कोनी होती, भोक पॉइंट ४५ इंचांचे आणि पीळ वीस इंचांत एक वेढा. १८५७च्या एप्रिलमध्ये, म्हणजे मीरतच्या उठावाला महिनाभर अवकाश असताना, हाइथ येथे तिची एन्फील्डशी गाठ घालून दिली. पाचशे यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्यांची सरासरी चूक २.२४ फूट आणि व्हिटवर्थची ०.३७ फूट. १८६० साली विम्बल्डनच्या माळावर राष्ट्रीय नेमबाजीच्या पहिल्या मेळाव्याचे उद्घाटन झाले, तेव्हा तिवईवर घट्ट बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलची दोरी राणी व्हिक्टोरियाने ओढली आणि चारशे यार्डांवरच्या पाटीवर गोळी मध्यबिंदूपासून दीड इंचाच्या आत लागली. एवढे होऊनही सैन्याने ती घेतली नाही. ती महाग होती, आणि बारीक भोकात किटण फार लवकर साचे. कोऱ्या, स्वच्छ नळीतून मिळालेली अचूकता रणांगणावरच्या विसाव्या बाराला कितपत टिकेल, हा लष्करी अधिकाऱ्यांचा प्रश्न रास्त होता. व्हिटवर्थच्या चाहत्यांनी तो जुनाट लोकांचा हट्ट म्हणून रंगवला आहे. आम्हाला तसे वाटत नाही.

या प्रश्नाचे उत्तर ज्याने शोधले, तो विल्यम मेटफर्ड काही दिवस आपल्या देशात होता. टाँटनच्या एका डॉक्टराचा हा मुलगा धंद्याने रेल्वेचा इंजिनिअर. ईस्ट इंडियन रेल्वेची नोकरी घेऊन तो मुंगेरला पोचला तो नेमका १८५७च्या मे महिन्यात, उठाव पेटल्यानंतर. तिथल्या बंदोबस्तात त्याने पुढाकार घेतला, प्रकृती कायमची बिघडवून घेतली आणि वर्ष पुरे होण्याच्या आत तो मायदेशी परतला. उरलेले आयुष्य त्याने जवळजवळ एकाच विषयाला वाहिले: चर किती खोल असावेत? सगळ्यांचा समज असा, की चर जितके खोल तितकी पकड चांगली. मेटफर्डने उलट केले. गोळीचे शिसे मिश्रणाने कठीण केले आणि चर इतके उथळ केले, की त्यांची खोली साध्या कागदाच्या जाडीइतकी भरावी. त्यांच्या कडाही त्याने बोथट, गोलसर ठेवल्या. कोपराच नाही तर किटण बसणार कुठे? त्याच्या नळ्यांनी पुढची दोन-अडीच दशके लांब अंतराच्या स्पर्धा गाजवल्या, आणि डिसेंबर १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने नवी रायफल स्वीकारली, तेव्हा जेम्स पॅरिस ली याच्या बोल्टला मेटफर्डचे सात चर जोडले गेले. भोक पॉइंट ३०३ इंच. आपल्या पोलिस ठाण्यांनी जिला पुढे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून ओळखले, तिचा जन्म हा.

काळाने इथे केलेली थट्टा अशी, की काळ्या दारूच्या किटणावर पंचवीस वर्षे खर्चून काढलेला उपाय सैन्यात आला आणि काळी दारूच गेली. १८८९ साली एबल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइटचे पेटंट घेतले. शेवयांसारख्या दोऱ्यांची ही दारू जवळजवळ धूर सोडत नसे, किटण फारसे ठेवत नसे. तिच्यात नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के, गनकॉटन ३७ टक्के आणि उरलेले ५ टक्के चक्क व्हॅसलिन. नळीला आतून वंगण मिळावे म्हणून ते घातले होते. त्या कामी ते फारसे आले नाही, पण दारू साठवणीत टिकाऊ होते असे निघाले. नायट्रोग्लिसरीनचे एवढे प्रमाण असलेली दारू फार तापून जळते. त्या वायूची झळ सर्वांत आधी लागते ती काडतुसाच्या घराच्या लगेच पुढे, जिथे चर सुरू होतात तिथे. याला नळीचा घसा म्हणतात. दर बाराला घशाच्या पोलादाचा अतिशय पातळ थर तापून थिजतो, त्याला बारीक भेगा पडतात, पुढच्या बाराचा वायू त्या भेगांत घुसतो. चर खोल असतील तर झिजायला काही ऐवज असतो. कागदाच्या जाडीचे, बोथट कडांचे चर या भडक्यापुढे काय टिकणार? बाहेरून बंदूक नवी. वार्निश शाबूत, शिक्के स्पष्ट, आणि आत घशापाशी गोळीला धरायला काहीच उरलेले नाही. अशा नळीत गोळी काही अंतर न फिरता सुसाट जाते, मग एकाएकी चरांत अडकते, तिचे आवरण खरवडले जाते आणि बाहेर पडताना ती किंचित डुलत असते. शंभर यार्डांवर ते डुलणे कळतही नाही. सहाशे यार्डांवर कळते. नोव्हेंबर १८९५ मध्ये मेटफर्डच्या चरांची जागा एन्फील्डच्या कारखान्याने काढलेल्या पाच खोल, काटकोनी कडांच्या चरांनी घेतली, आणि ली-मेटफर्डची ली-एन्फील्ड झाली. पुढे कॉर्डाइटमधले नायट्रोग्लिसरीनही ३० टक्क्यांवर आणले गेले. मेटफर्ड १८९९ साली वारला. आपले नाव रायफलवरून गेलेले त्याने पाहिले होते.

झीज केवळ बारानेच होते असेही नाही, आणि या गोष्टीकडे सामान्य वाचकाचेच काय, जाणत्यांचेही दुर्लक्ष होते. रायफल साफ करण्यासाठी शिपायाला दोरी मिळे, तिच्या एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंधी. वजन नळीत सोडायचे आणि दोरी ओढून घ्यायची. ओढताना दोरी सरळ ओढली गेली तर ठीक. पण शिपाई कंटाळलेला असतो, दोरीत वाळू असते, आणि हात खाली झुकलेला असतो. मग दोरी दर वेळी नळीच्या तोंडाच्या एकाच कडेला घासते. महिनोन् महिने, रोज. एकही गोळी न उडवलेल्या रायफलीचे तोंड असे करवतल्यासारखे एका बाजूला लंबगोल झालेले सापडे. तोंड ही नळीने गोळीला शेवटचा स्पर्श करण्याची जागा. तिथे एका बाजूने वायू आधी निसटला, तर गोळीच्या बुडाला तो बाजूने ढकलतो, आणि पुढचा सारा प्रवास त्या धक्क्याने बिघडतो. घसा थोडा झिजलेला चालेल, तोंड झिजलेले चालणार नाही, असे अनुभवी आर्मरर म्हणत ते याचसाठी. अतिस्वच्छतेने बंदुका बिघडवणाऱ्या पलटणी शिस्तीच्या पाहणीत मात्र पहिल्या येत असणार, हे सांगायला नकोच.

नळीच्या आतली ही सारी हकिगत मोजायची कशी? पलटणीतल्या आर्मररपाशी पोलादाच्या गोल कांड्यांचा संच असे, हजारांश इंचाच्या फरकाने एकीहून दुसरी जाड. .३०३ची कांडी नळीतून आरपार गेली पाहिजे. ती अडली तर आत कुठे फुगवटा, गंज वा धातूचा थर आहे. त्याहून जाड कांड्या मात्र तोंडातून किंवा बुडाकडून ठरावीक मर्यादेपलीकडे आत शिरता कामा नयेत. शिरल्या तर झीज झाली. ही परीक्षा चोख आहे, आणि तिची मर्यादाही तितकीच चोख आहे. कांडी भोक मोजते. गोळी कुठे जाईल, हे ती सांगत नाही.

याचा प्रत्यय इंग्रजांना बोअर युद्धात आला. १८९९च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेसाठी उभारलेल्या इंपीरियल योमनरीला कोऱ्या ली-एन्फील्ड वाटण्यात आल्या. नळ्या उत्तम, मापात बसणाऱ्या, शिक्के मारलेल्या. नेमबाजी करून पाहिली तेव्हा उमगले, की पाचशे यार्डांवर गोळ्या अठरा इंच उजवीकडे पडत आहेत. दोष दर्शिकांच्या जुळणीत होता. पाचशे यार्डांचे अठरा हजार इंच होतात. त्यात अठरा इंच, म्हणजे हजारास एक. पुढची माशी आणि मागची खाच यांत दोनएक फूट अंतर धरले, तर हा सारा घोटाळा एका इंचाच्या सुमारे चाळीसाव्या भागाचा. पण माणसाच्या खांद्यांची रुंदी अठरा इंचांच्या आसपास असते. छातीच्या मध्यावर नेम धरला, तर गोळी दंडाबाहेरून जाणार. समोर माउझर घेतलेले बोअर शेतकरी होते, ज्यांतले पुष्कळ जण लहानपणापासून हरणे मारीत आलेले. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. रायफली दुरुस्त झाल्या. एन्फील्डच्या नंतरच्या पद्धतीत प्रत्येक नव्या रायफलीची प्रत्यक्ष नेमाची परीक्षा पक्की झालेली दिसते: शंभर फुटांवर पाच गोळ्या, त्यांतल्या चार एक इंच रुंद आणि दीड इंच उंच चौकटीत यायला हव्यात, शिवाय दर दहांतली एक रायफल सहाशे यार्डांवर तपासायची आणि दहांतल्या नऊ गोळ्या दोन फुटांच्या वर्तुळात मागायच्या. व्हिटवर्थने कागदाच्या पडद्यांवर जे शोधले होते, ते अखेर कारखान्याच्या मागच्या अंगणात आले.

त्या काळात हिंदी शिपाई कुठे होता? १८९७च्या तिराहच्या मोहिमेत गोऱ्या पलटणींच्या हाती ली-मेटफर्ड होत्या. त्यांच्या शेजारी, त्याच डोंगरउतारांवर, हिंदी पलटणी मार्टिनी-हेन्री घेऊन लढत होत्या. काळ्या दारूचा पांढरा धूर दर बाराला शिपायाची जागा आफ्रिदींना दाखवून देई. १८५८ साली चर पोखरून काढणारे धोरण चाळीस वर्षांनी असे चालू होते. आता नळीला चर होते, पण दारू मागची होती. पुढे जग बदलले. कलकत्त्याजवळ इशापूरला रायफलींचा कारखाना निघाला, नीलगिरीत अरुवनकाडूला कॉर्डाइटचा, आणि पुण्याजवळच्या खडकीत १८६९पासून चालत आलेल्या कारखान्यात .३०३ची काडतुसे होऊ लागली. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायाच्या नळीत आणि गोऱ्या शिपायाच्या नळीत फरक ठेवणे परवडणारे राहिले नाही. फ्रान्सच्या खंदकांत दोघेही सारख्याच मोलाने मरत होते.

स्वातंत्र्यानंतर थ्री नॉट थ्री पोलिसांकडे राहिली, आणि फार राहिली. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती तीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२०च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात समारंभाने निरोप दिला. मुंबईच्या हल्ल्यानंतर जी चर्चा झाली ती रायफल किती जुन्या नमुन्याची, या एका मुद्द्याभोवती फिरली. नमुना जुना होताच. पण नमुन्याचे वय आणि नळीचे वय या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीविषयी कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

आमच्यापैकी एकाने महाविद्यालयात असताना एनसीसीच्या शिबिरात .२२ रायफल हाताळली आहे. चांदमारीच्या आदल्या संध्याकाळी नळ्या साफ करण्याचा कार्यक्रम असे; पुलथ्रू, चिंधी, तेल. मग उस्ताद प्रत्येकाला बोल्ट काढून नळीतून पाहायला लावीत. बुडाशी अंगठ्याचे नख तिरपे धरायचे, नखावरचा उजेड नळीत जातो आणि चरांची वळणे झळकतात. “क्या दिखता है?” असा त्यांचा प्रश्न ठरलेला. रांगेतल्या पस्तीस मुलांनी एकामागून एक नळीला डोळा लावला आणि पस्तीस जणांनी एकच उत्तर दिले: “साफ है, उस्ताद.” दुसऱ्या दिवशी एका रायफलीच्या गोळ्या पाटीवर आडव्या लागल्या, भोके वाटोळी न पडता चावीच्या भोकासारखी लांबट पडली. तीच रायफल आदल्या संध्याकाळी आमच्या हातात होती. आम्ही तिच्या तोंडाशी वळणे पुसट झालेली पाहिली होती. प्रश्न साफ आहे का असा आहे, असे समजून आम्हीही साफ आहे म्हणालो होतो.